पद्मिनीची मागची सीट

दसरा उलटला की आमच्याकडे वारा फिरतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा गार मतलई, दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा. पावसाळाभर नारळी-पोफळीच्या वाडीत कोंडून राहिलेली ओल बघता बघता निघून जाते, भिंतीवरची बुरशी पांढरी पडून गळते, आणि मग एखाद्या सकाळी मागच्या दारी तोंड धूत असताना तो वास येतो. वाळत घातलेल्या जवळ्याचा. पहिल्या दिवशी पुसट, आला की नाही असं वाटायला लावणारा. मग दाट होत जातो, आणि दिवाळीपर्यंत सगळ्या रेवदंड्याच्या अंगाला लागलेला असतो.

मी मूळची माणगावची. लग्न होऊन इथे आले तेव्हा या वासाने मला सुरुवातीला जेवण जायचं नाही. सासूबाई हसायच्या. म्हणायच्या, एक हंगाम जाऊ दे, मग दिवाळी तोंडावर आली तरी वास कसा नाही म्हणून तूच विचारशील. तसंच झालं. मी इथल्या शाळेत शिकवायला लागले. कोळीवाड्यातल्या मुलांच्या दप्तरांना तो वास असायचा, तपासायला घरी आणलेल्या वह्यांना असायचा. पुढे पुढे तो नसला की मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

हल्ली तो आला की मी हातात पाणी घेऊन तशीच थांबते. त्याच्या मागून आणखी एक वास येईल असं वाटत राहतं. पेट्रोलचा, पॉलिशचा, नव्याकोऱ्या रेक्झिनचा. त्या एका वर्षी दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आमच्या परसात हे दोन्ही वास शेजारी शेजारी राहत होते.

आमच्या परसाच्या पलीकडे वाळूची मोकळी जागा आहे आणि तिच्यापुढे समुद्र. त्या जागेवर मंजुळा मासळी वाळवते. बांबू रोवून, दोऱ्या ताणून त्यांवर बोंबील, खाली जुन्या जाळ्यावर जवळा आणि मांदेली. तिचा नवरा महादू होडीचा नाखवा. मंजुळाची तिन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली, म्हणून ती मला बाई म्हणते. दुपारी मासळी उलटून झाली की कावळ्यांवर नजर ठेवत ती आमच्या मागच्या ओट्यावर येऊन बसायची. चहा व्हायचा. सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, सोड्यांना यंदा गिऱ्हाईक कसं आहे याबद्दल बोलणं व्हायचं. दोन बायका इतकी वर्षं एका ओट्यावर बसल्या की मैत्री वगैरे शब्द वापरावे लागत नाहीत. ती आली नाही तर मी कुंपणापाशी जाऊन बघायचे, एवढंच.

श्रीकांत, माझा नवरा, अलिबागला कचेरीत नोकरीला होता. उभ्या नोकरीत एसटीने गेला आणि एसटीने आला. रिटायर झाला आणि त्यानंतर त्याचं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. आजारी नव्हता. जेवायचा, झोपायचा, पेपर वाचायचा. पण पेपर वाचून झाल्यावर घडी तशीच मांडीवर ठेवून बसून राहायचा. हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागायचा, जणू कुठूनतरी लांबून चालत यायला लागतंय. पुण्याहून मुलगी फोन करायची तेव्हा मी म्हणायचे, बरा आहे. आणि फोन ठेवल्यावर त्याच्याकडे बघत बसायचे. मला त्याची भीती वाटत होती, म्हणजे त्याच्यासाठी वाटत होती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी माणगावला माझ्या भाचीच्या साखरपुड्याला गेलो. तिथे वडिलांच्या ओळखीच्या एका जुन्या गिरणीवाल्यांकडे भेटायला गेलो होतो. भाताची गिरणी कधीच बंद पडलेली. म्हातारे मालक वारलेले, मुलगा गोदाम रिकामं करत होता. पोत्यांच्या ढिगाखालून एका गाडीचं नाक बाहेर आलं होतं. दोन गोल दिवे आणि त्यांच्यामध्ये धुळीने भरलेली जाळी. मुलाने पोती ओढली. आकाशी रंगाची पद्मिनी होती.

तिची गोष्ट त्याने हसत हसत सांगितली. म्हाताऱ्यांनी ती हौसेने बायकोसाठी घेतली. तेव्हा माणगावात गाड्या मोजक्या. पण बाईंना गाडी लागायची. बाजारपेठ ओलांडेपर्यंत उलटी व्हायची. देवाला जाऊन बघितलं, माहेरी जाऊन बघितलं, लिंबू नाकाशी धरून बघितलं. शेवटी बाईंनी हात जोडले. म्हाताऱ्यांना स्वतःसाठी जीप होतीच. ही बायकोची गाडी, ती बसत नाही तर कुणीच बसायचं नाही, असं म्हणून त्यांनी ती गोदामात लावली. मीटरवरचा आकडा दहा हजाराच्याही आतला होता. एवढं तर लोक एका वर्षात चालवतात.

श्रीकांतने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग बोटाने बॉनेटवरची धूळ पुसली, तिथे रंग असा चमकला, जणू कालच दिलाय. मी गाडीकडे बघत नव्हते, त्याच्या तोंडाकडे बघत होते. कितीतरी महिन्यांनी ते जागं झालं होतं.

दसऱ्याच्या सुमारास गाडी टेम्पोवर चढून आमच्या परसात आली. मुरुडहून रफिक मिस्त्री यायचा, त्याने आधी सगळं उघडून मांडलं. गाडी चालली नव्हती, पण उभी राहूनही म्हातारी झालीच होती. टाकीतलं पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला होता. ब्रेकची रबरं हाताला लागताच तुटत होती. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, आणि डिकीत भाताच्या तुसात त्यांचं घरटंही होतं. रफिक म्हणाला, चालून खराब झालेली गाडी सोपी असते, कुठे झिजली ते दिसतं. उभी राहिलेली गाडी काय काय लपवून ठेवते ते उघडल्याशिवाय कळत नाही.

श्रीकांत सकाळी चहा घेऊन जो परसात उतरायचा तो जेवायलाच वर यायचा. हातांना ग्रीस, कपाळाला ग्रीस. दाराच्या तळाशी थोडा गंज होता तो त्याने पॉलिश पेपरने घासून काढला, दिवसचे दिवस. बंपर उतरवून अलिबागहून चकचकीत करून आणले. कुठल्या तरी भंगारवाल्याकडे जुना आरसा मिळाला म्हणून तो पनवेलपर्यंत जाऊन आला आणि वाटेत माझ्यासाठी चक्क चाफ्याची फुलं घेऊन आला. रात्री झोपताना कार्ब्युरेटर म्हणजे काय ते मला समजावून सांगायचा. मला कळायचं नाही. पण अंधारात त्याचा आवाज ऐकत पडून राहायला बरं वाटायचं. मनात मी त्या गाडीला आणि गाडी लागणाऱ्या त्या अनोळखी बाईंना दुवा द्यायचे.

सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक म्हाताऱ्यांनी काढलंच नव्हतं. ते पिवळं पडून कडक झालं होतं. इंजिन सुरू झालं त्या दिवशी श्रीकांतने ते काढलं, अगदी हलक्या हाताने, जखमेवरची पट्टी काढावी तसं. आतलं बिस्किटी रंगाचं रेक्झिन जसंच्या तसं निघालं. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. त्यावर थेट कुणी बसलंच नव्हतं. त्याने मला बोलावून दाखवलं आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ मागच्या दारातून आत वाकून बघत उभे राहिलो. प्लास्टिक त्याने टाकलं नाही, घडी करून माळ्यावर ठेवलं. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, असू दे, गाडीबरोबरचं आहे.

आता मागे वळून बघताना वाटतं, तिथून काहीतरी बदलत गेलं. इतक्या हळू की मला त्या वेळी दिसलं नाही. गाडी चालायला लागली होती, पण तो ती चालवत नव्हता. रविवारी सकाळी चौलपर्यंत जायचं आणि परत यायचं. आल्यावर मीटर बघायचं, चाकं धुवायची, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने सगळं अंग पुसायचं. खारा वारा लोखंड खातो, हे इथे कुणालाही माहीत आहे. माझ्या खिडक्यांचे गज त्याने खाल्लेत, शाळेची घंटा खाल्ली. तो वाऱ्यालाच शत्रू समजायला लागला. गाडीसाठी परसात पक्की शेड झाली, तिला समुद्राच्या बाजूने जाड ताडपत्री लागली. मी एकदा केळफूल सोलून आले होते, हात काळे होते, आणि गाडीच्या दाराला हात लावला. तो लगेच फडकं घेऊन आला.

मग एक दिवस तो कुंपणापाशी गेला आणि मंजुळाशी बोलला. फार गोड बोलला, मी ओट्यावरून ऐकत होते. मासळीच्या पाण्याचा ओघळ शेडकडे येतो, वाळवण थोडं पलीकडे सरकवता आलं तर बरं होईल, असं. जागा काही आमची नव्हती. मंजुळाने ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी सुनेला हाताशी घेऊन सगळे बांबू उपटून पलीकडे रोवले. त्यानंतरही ती ओट्यावर यायची, पण तिला लांबून चालत यावं लागायचं आणि तिथून कावळे दिसायचे नाहीत, म्हणून ती कमी वेळ बसायची. हेही मी तेव्हा मनावर घेतलं नाही. घरात माणूस परत आलं होतं. त्यापुढे ओघळ आणि बांबू या गोष्टी मला लहान वाटल्या.

मार्गशीर्ष, पौष, माघ असे महिने गेले. बाहेरचे लोक गाडी बघायला यायला लागले. अलिबागचा एक डॉक्टर आला, समुद्रावर फिरायला आलेली माणसं कुंपणावरून फोटो काढायला लागली. श्रीकांत सगळ्यांना मीटर दाखवायचा. तो आकडा बघून लोक मान डोलवायचे आणि त्याचा चेहरा फुलायचा. मला तेव्हाही जरा विचित्र वाटायचं, की गाडीचं कौतुक ती कुठे गेली याचं नाही, कुठेच गेली नाही याचं होतंय.

आणि मग शिमगा आला.

कोळीवाड्यात शिमगा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, त्यांना पताका, बायका नव्या लुगड्यांत, दुपारपासून बाजा. रिक्षावाले सगळे नाचायला. ओहोटी होती. महादूची होडी चिखलात उघडी उभी होती आणि तो मागच्या टोकाला चढून झेंडा बांधत होता. पायाखालची फळी सरकली आणि तो खाली होडीच्या इंजिनाच्या पंख्याच्या पात्यावर पडला. पोटरी मागून उभी चिरली गेली.

चार माणसं त्याला उचलून आमच्या परसात घेऊन आली, कारण गाडी आमच्याकडे होती. कुणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन केला होता, तिला यायला वेळ लागणार होता. पायाला लुगडं घट्ट बांधलं होतं आणि त्यातूनही रक्त ठिबकत होतं. त्याला ओट्यावर टेकवलं. अंगावर चिखल, खारं पाणी, गुलाल. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. मंजुळा त्याचं डोकं धरून बसली होती, आणि तिची नवी हिरव्या खड्याची नथ एका बाजूला कलली होती.

श्रीकांतने शेड उघडली, गाडी बाहेर काढली. अगदी लगेच. हे मला मुद्दाम सांगायला हवं, तो लगेच उठला होता. त्याने मागचं दार उघडलं. आत ती बिस्किटी सीट होती, उन्हात. तो एकदा सीटकडे आणि एकदा महादूच्या पायाकडे बघून थांबला. मग म्हणाला, "एकच मिनिट," आणि घरात गेला.

मला वाटलं चावी राहिली असेल, पाकीट आणायला गेला असेल. मग माळ्यावरचा पत्र्याचा डबा सरकल्याचा आवाज आला आणि मला कळलं.

तो प्लास्टिक घेऊन आला. मी म्हणाले, "अरे राहू दे ते, आधी त्याला बसव." त्याने ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्याने प्लास्टिकची घडी उलगडली, ते कडक झालेलं, उलगडताना कडकड वाजत होतं, आणि सीटवर पसरलं. एक टोक मागे पाठीपर्यंत नेलं. मग वाकून त्याने कडा आत दाबल्या. उचलून आणणारी माणसं महादूला पुन्हा उचलून धरून तशीच उभी होती. किती वेळ गेला असेल ते मला खरंच सांगता येणार नाही. फार नसेल. मग महादूला त्यावर निजवलं, मंजुळा त्याच्या पायाशी खाली बसली, मी पुढे.

श्रीकांतने गाडी जशी चालवली तशी त्याआधी आणि त्यानंतर कधी चालवली नाही. चौल, नागाव, सगळीकडे रस्त्यात माणसं, रंग, ढोल. हॉर्नवर हात दाबून तो खड्ड्यांतून, कडेच्या मातीतून गाडी काढत होता. एका वळणावर बंपर कुंपणाच्या दगडाला घासला तरी त्याने बघितलं नाही. मागे प्रत्येक हिसक्याला प्लास्टिक वाजत होतं. मंजुळा सबंध वाटेत पायावरची गाठ दोन्ही हातांनी दाबून धरून होती.

महादू वाचला, पायही वाचला. आतली शीर आणि स्नायू तुटले होते, ते जोडले, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. तो लंगडतो आणि होडीवर जात नाही; होडी पुतण्या नेतो. दवाखान्यात श्रीकांतने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, आणखी थोडं लवकर आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, तसा काही फरक पडला नसता, जखमच तशी होती. श्रीकांतने तेच पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी तेच पुन्हा सांगितलं. मी तिथेच उभी होते. त्याला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा आणखी उतरला. फरक पडला असता तर त्याला काहीतरी भोगता आलं असतं, भरून देता आलं असतं. आता ते नुसतं झालेलं होतं, आणि ते झालेलं बघणारी माणसं होती.

संध्याकाळी घरी आलो. त्याने प्लास्टिक काढलं. खाली सीट कोरी होती, एक थेंब नाही. तो त्या स्वच्छ सीटकडे बघत परसात उभा राहिला. बाहेर कोळीवाड्याकडे होळी पेटवायची तयारी चालली होती, पण बाजा बंद होता. ते प्लास्टिक त्याने पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

उन्हाळा असाच गेला. मंजुळा दिसली की म्हणायची, बरं हाय बाई. विचारलं की महादूचं सांगायची, पाय कुठवर वाकतो, औषध कुठलं चालू आहे. पण ओट्यावर आली नाही. आमच्याकडची मासळी सुनेच्या हातून यायची, आधी यायची तेवढीच, नीट निवडलेली. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मीही बोलायला गेले नाही. काय बोलणार होते? ज्याच्याबद्दल बोलायचं ते इतकं छोटं होतं की शब्दांत मांडलं तर हसू आलं असतं. गाडी दिली, स्वतः चालवत नेलं, दवाखान्यात संध्याकाळपर्यंत थांबला. फक्त आधी सीट झाकली.

श्रीकांतने शेडला कुलूप लावलं. पावसाळ्यात तो पुन्हा पेपरची घडी मांडीवर ठेवून बसायला लागला. पण हे बसणं पहिल्यासारखं नव्हतं. पूर्वी तो कुठे हरवलेला असायचा, आता तो कुठे आहे ते मला पक्कं माहीत असायचं. नवी मुंबईहून एक तरुण मुलगा गाडी विकत घ्यायला आला, फोटो बघून. शेड उघडायला लावली, मीटर बघितलं, आत डोकावला आणि म्हणाला, काका, सीट तर एकदम शोरूमसारखी ठेवलीय, मानलं तुम्हाला. श्रीकांत मला म्हणाला, त्याला चहा दे. आणि आत निघून गेला. तो मुलगा बराच वेळ थांबला, मग मीच त्याला सांगितलं की गाडी द्यायची नाही.

पुन्हा दसरा गेला, वारा फिरला, वास आला. त्या दिवशी श्रीकांत म्हणाला, महादूला भेटून येतो, आणि मग दाराशी थांबून म्हणाला, तू पण चल. कशाला जायचंय ते त्याने सांगितलं नाही आणि मला सांगायला लागलंही नाही. महादू दवाखान्यातून घरी आल्यावर आम्ही एकदा रीतीप्रमाणे जाऊन आलो होतो, तेव्हा घरात माणसं होती. आता महादू एकटाच अंगणात बसून जाळं शिवत होता.

आम्हाला बघून तो उठायला लागला, श्रीकांतने त्याला खांद्याला धरून बसवलं. हवा, डिझेल, पुतण्याची मासेमारी, सगळं बोलून झालं. मग श्रीकांत जरा पुढे सरकला. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि तो बोलायला सुरुवात करणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात महादूच बोलायला लागला. म्हणाला, "भाऊ, मी सगल्यांना सांगतो. त्या दिवशी मी राजासारखा गेलो दवाखान्यात. नवी कोरी गाडी, कुणाला हात लावू देत न्हाय भाऊ, पण माझ्यासाठी काढली. दुसऱ्या कुणी रक्तानं भरलेला मानूस गाडीत घेतला नसता."

तो अगदी मनापासून बोलत होता. त्याला आठवत नव्हतं. त्याला काहीच माहीत नव्हतं.

मंजुळा दारात येऊन उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. ती श्रीकांतकडे बघत होती, सरळ, डोळे न हलवता. श्रीकांत म्हणाला, "महादू, त्या दिवशी मी..." आणि मंजुळा म्हणाली, "भाऊ, चा घ्या. थंड होईल." चहा अजून आणलेलाही नव्हता.

श्रीकांतने तिच्याकडे बघितलं आणि तो थांबला.

निघताना महादूने हौस सांगितली. मुरुडला त्याची बहीण असते, तिला या पायानिशी भेटून यायचं आहे, आणि एकदा त्या गाडीत शुद्धीवर असताना बसायचं आहे. श्रीकांत लगेच हो म्हणाला. पुढच्या रविवारी शेडचं कुलूप निघालं. महादू धुतलेला पांढरा सदरा घालून काठी टेकत आला. पुढचं दार श्रीकांतने उघडलं. महादूने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सीटवर अंथरला. श्रीकांत म्हणाला, "राहू दे रे, असाच बस." त्याने टॉवेल उचलून परत महादूच्या हातात दिला. महादू हसला, म्हणाला, मासलीचा वास कितीही धुतला तरी कपड्यातून जात न्हाय, तुमची गाडी खराब व्हायची. आणि टॉवेल पुन्हा अंथरून त्यावर बसला. श्रीकांत त्या उघड्या दाराला धरून उभा राहिला. मग त्याने दार हळूच लावलं, फिरून आपल्या जागी जाऊन बसला आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

मंजुळाला महादूने हाक मारली होती. ती म्हणाली, मासळी वाळत घातलीय, सून माहेरी गेलीय, मी येत नाही. मग मीही मागेच राहिले. गाडी वाडीच्या वळणावरून साळावच्या पुलाकडे गेली आणि आम्ही दोघी वाळूत, बोंबलांच्या दोऱ्यांखाली बसलो. ऊन चढत होतं. ती काठी आपटून कावळे उडवत होती आणि मी बसून होते. मग ती बोलली. रागाने नाही, मासळीबद्दल सांगावं तसं.

"बाई, चारी कोपरे नीट खोचले त्यांनी. मी बघत व्हती. माझ्या हातात ह्यांचं डोकं व्हतं, आनि मी मनात म्हनत व्हती, आता शेवटचा कोपरा, आता झालं."

ती उत्तराची वाट बघत नव्हती. एक कावळा उडवून म्हणाली, "ह्यांना मी सांगितलं न्हाय. होडी गेली, पाय गेला. त्या दिवसातलं तेवढंच चांगलं त्यांच्याजवल हाय, की भाऊंनी गाडी काढली. भाऊंना सांगा, त्यांनी बोलायचं न्हाय. कधीच न्हाय."

संध्याकाळी मी श्रीकांतला ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. बरं, म्हणाला.

याला आता काही वर्षं झाली. गाडी शेडमध्ये नसते, अंगणात उभी असते, वारा तिला खातो. दाराखाली गंजाचे फोड आलेत. महादूला दवाखान्यात, बाजारात, बहिणीकडे जिथे जायचं असेल तिथे श्रीकांत घेऊन जातो. वाटेत कुणी भेटलं की महादू आपली ती गोष्ट सांगतो, दर वेळी थोडी वाढवून, आणि श्रीकांत स्टिअरिंगवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकतो. मी कधी बरोबर असले तर त्याच्याकडे बघत नाही.

यंदा जवळा चांगला आलाय. मंजुळाने तिचे बांबू पुन्हा आमच्या कुंपणाजवळ रोवलेत. कुणी सांगितलं नव्हतं, एक दिवस सकाळी दिसले. दुपारी ती ओट्यावर येते. गुडघे चोळत बसते, चहा घेते, सुनेचं सांगते. पण आत श्रीकांतची चाहूल लागली की बोलता बोलता थांबते, कप खाली ठेवते, येते बाई म्हणते आणि उठते. त्याच्या हे लक्षात आलं तेव्हापासून ती ओट्यावर असली की तो आतल्या खोलीत बसून राहतो. पंखा लावत नाही. तहान लागली तरी स्वयंपाकघरात येत नाही, भांड्याचा आवाज होईल म्हणून.